वाळवंटातला हिवाळा: मोटरहोम हे घर, ई-बाईक ही गाडी

गेली तीन वर्षं आम्ही दोघं डिसेंबर ते मार्च मिनिआपोलिसची थंडी सोडून ॲरिझोनात क्वार्टझसाइटला मोटरहोममध्ये, म्हणजे आत घर असलेल्या मोठ्या गाडीत, राहतो, आणि ओळखीतली मराठी मंडळी, म्हणजे आता रिटायर झालेली किंवा होत आलेली, फोन करून तेच तेच विचारतात की पाणी कुठून आणता, लाईटचं काय करता, साठीनंतर वाळूत सायकल कशी चालवता. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मी मूळची माणदेशातली, दहिवडीकडची, त्यामुळे कोरडं माळरान मला परकं वाटत नाही. पण इथला उजाडपणा वेगळा आहे आणि इथे चुकलं तर ओ द्यायला वस्ती जवळ नसते.

आधी मुख्य गोष्ट. आमचं मोटरहोम २५ फुटी क्लास सी, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं, आहे आणि मागे कार ओढत नेत नाही. एकदा गाडी लेव्हल केली, ऑनिंग म्हणजे बाजूचं कापडी छत काढलं, चटया-खुर्च्या मांडल्या की दूध आणायला सगळं आवरून इंजिन चालू करणं नको वाटतं, आणि पहिल्या वर्षी याच कारणाने आम्ही पंधरा-पंधरा दिवस नुसते बसून राहिलो. दुसऱ्या वर्षी दोन ई-बाईक, म्हणजे बॅटरी आणि मोटर असलेल्या सायकली, घेतल्या आणि सगळं बदललं. त्यामुळे माझा सल्ला असा की मोटरहोम हे घर समजा आणि ई-बाईक ही गाडी समजा, आणि बाकीची सगळी तयारी, सोलर, बॅटरी, टायर, पाणी, या दोन गोष्टी एकमेकींना सांभाळून घेतील अशी करा.

जागा कुठली

क्वार्टझसाइट आय-१० आणि यूएस-९५ या दोन हायवेंच्या फाट्यावर आहे, कॅलिफोर्नियाची हद्द २० मैलांवर. गाव छोटं, पण हिवाळ्यात आजूबाजूच्या सरकारी जमिनीवर हजारो गाड्या येऊन राहतात. ही जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, सगळे बीएलएम म्हणतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा लाँग टर्म व्हिजिटर एरिया, म्हणजे लांबच्या मुक्कामाची जागा आहे, साधारण ११ हजार एकरांचा, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सीझन असतो. आम्ही सीझनच्या परमिटला १८० डॉलर भरले, १४ दिवसांचं ४० डॉलरला मिळालं, तुम्ही निघायच्या आधी चालू दर बघून घ्या. त्या पैशात पाण्याचा नळ, कचरा टाकायची सोय आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायचं डंप स्टेशन मिळतं, वीज मिळत नाही. फुकटच राहायचं असेल तर गावाभोवती हाय जॉली, प्लोमोसा रोड, डोम रॉक अशा जागा आहेत, तिथे १४ दिवसांची मर्यादा आणि सोयी काहीच नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्याने ला पोसाच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, पाण्याची काळजी डोक्यावर नसली की बाकीचं शिकता येतं.

जानेवारीत दिवसा १९-२० डिग्री सेल्सिअस आणि रात्री ५-६, एखाद्या रात्री शून्याला टेकतं. पुण्याच्या डिसेंबरपेक्षा बरंच गार समजा, फक्त हवा फार कोरडी, ओठ आणि टाचा फुटतात, खोबरेल तेलाची बाटली मोठीच आणा.

उत्तरेकडून येणार असाल तर मोटरहोमचे पाण्याचे पाईप रिकामे करून गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रव, भरलेलं असू द्या आणि पार खाली आल्यावरच टाकी भरा, नाहीतर वाटेत एका रात्रीत पाईप फुटतात. आम्ही आय-३५ ने सरळ टेक्सासपर्यंत उतरतो, मग आय-२० आणि आय-१०. नकाशावर आय-४० जवळचा दिसतो, पण तो फ्लॅगस्टाफवरून जातो, तिथे उंची ७ हजार फुटांच्या आसपास आणि बर्फ असतो.

पोचल्यावर गाडी लावताना दोन गोष्टी बघा. वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्यात, कधीच लावू नका, जागा कितीही सपाट आणि झाडांची सावली कितीही छान असली तरी. इथे वर्षाला पाऊस जेमतेम ४-५ इंच पडतो, पण पडला की डोंगरावरचं पाणी अचानक त्याच ओढ्यातून येतं, तुमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असतानाही. दुसरं म्हणजे गाडीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. का ते पुढे सोलरमध्ये सांगते.

बाईक कुठली घ्यायची

फॅट टायर, ४ इंच रुंद. बाकी सगळ्यावर तडजोड चालेल, यावर नाही, कारण बारीक टायर वाळूत सुरीसारखा आत घुसतो. आमच्या वयाला स्टेप-थ्रू फ्रेम घ्या, म्हणजे पाय वरून टाकावा लागत नाही, वाळूत बाईक अचानक थांबली तर पटकन उतरता येतं. माझा उजवा गुडघा दुखरा आहे आणि साध्या सायकलने मी दोन मैलांच्या वर गेले नसते, पेडल असिस्टमुळे, म्हणजे पेडल मारताना मोटर हातभार लावते म्हणून, आता वीस मैल जाऊन येते आणि गुडघा दुसऱ्या दिवशी कुरकुरत नाही. अमेरिकेत ई-बाईकचे तीन वर्ग आहेत, क्लास १ मध्ये पेडल मारलं तरच मोटर आणि ताशी २० मैलांच्या वेगाला ती बंद, क्लास २ मध्ये थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवायची मूठ, पण मिळतो, वेगमर्यादा तीच, आणि क्लास ३ पेडल असिस्टने ताशी २८ मैलांपर्यंत. वाळवंटासाठी क्लास २ बरा, बाईक रुतली तर उतरून बाजूने चालत थ्रॉटल हलकेच देऊन तिला बाहेर काढता येते.

बॅटरीवर यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं सर्टिफिकेट आहे का ते बघितल्याशिवाय घेऊ नका, पूर्ण बाईकसाठी यूएल २८४९ आणि नुसत्या बॅटरीसाठी यूएल २२७१. घर २५ फुटांचं, तिथे लिथियम बॅटरीने पेट घेतला तर काही करता येत नाही. आम्ही चार्जिंग कायम दिवसा, बाहेर, ऑनिंगच्या सावलीत, नजरेसमोर करतो. रात्री झोपताना एकही बॅटरी चार्जिंगला नसते, हा आमच्या घरचा नियम.

अजून एक खर्च लोक विसरतात तो रॅकचा. एकेक बाईक ६५-७० पौंडांची, आणि मोटरहोमचं मागचं टोक खड्ड्यात कारपेक्षा फार जास्त उसळतं, त्यामुळे कारसाठी बनवलेला रॅक चालत नाही. ज्याच्यावर आरव्हीसाठी, म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्यांसाठी, चालेल असं लिहिलंय तोच घ्या, प्रवासात बॅटऱ्या काढून आत ठेवा, आणि पहिल्या ५० मैलांनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा.

विजेचा हिशोब

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यांची गाडी इथेच अडते.

बाईकची बॅटरी ४८ व्होल्ट, १४ अँपिअर-अवर असेल तर तिच्यात ६७२ वॅट-अवर मावतात, आणि इन्व्हर्टर, चार्जर यांच्यात वाया जाणारं धरून ती रिकामीपासून भरायला आपल्याला ८०० वॅट-अवरच्या आसपास मोजावे लागतात. दोन बाईक म्हणजे १६००. घरातली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर. म्हणजे घरची अख्खी बॅटरी ओतली तरी दोन बाईक पूर्ण भरत नाहीत! हे आकडे कागदावर लिहिल्यावर आम्ही एकमेकांकडे बघतच बसलो होतो. म्हणून बाईक घरच्या बॅटरीतून भरायचीच नाही, ती उन्हातून भरायची, म्हणजे सकाळी १० ते दुपारी ३ या वेळात, आधी घरची बॅटरी बऱ्यापैकी भरू द्यायची आणि मग पॅनल जेवढं देतंय त्यावर बाईकचा चार्जर लावायचा. २ अँपिअरचा चार्जर १०० वॅटच्या थोडं वर घेतो, हळू भरतो पण सोलरला झेपतो. फास्ट चार्जर घेऊ नका.

आता पॅनल. डिसेंबरात इथे सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून फक्त ३३ अंश वर येतो (पुण्यात त्याच दिवशी ४८ अंश असतो). म्हणजे छपरावर सपाट पडलेल्या पॅनलवर ऊन तिरकं सरपटत जातं. आमचे छपरावर ४०० वॅट आहेत, सपाट असताना डिसेंबरात दिवसभरात जेमतेम १ किलोवॅट-अवर मिळायचा, पॅनल उचलून दक्षिणेकडे तोंड करून उभे केले तर दीडच्या वर जातो. म्हणून गाडी पूर्व-पश्चिम, म्हणजे पॅनलला दक्षिण सापडते. शिवाय एक २०० वॅटचं घडीचं पॅनल जमिनीवर ठेवतो आणि दिवसातून तीन वेळा फिरवतो, सकाळी चहा झाल्यावर, जेवणाआधी आणि वामकुक्षीआधी. वारा सुटला की छपरावरचे लगेच खाली घ्या, वाऱ्याने पॅनल बिजागरीतून उखडलेलं शेजारी बघितलंय. आणि एक सुंदर गोष्ट, संक्रांत झाली की सोलरच्या मीटरवरचे आकडे रोज किंचित किंचित चढायला लागतात. सूर्य परत फिरला हे लहानपणी नुसतं ऐकलं होतं, इथे ते रोज दुपारी आकड्यात दिसतं.

घरात वीज सगळ्यात जास्त कोण खात असेल तर रात्रीचा हीटर. फर्नेस चालतो प्रोपेनवर पण त्याचा पंखा चालतो १२ व्होल्टवर, साधारण ९० वॅट, रात्री मिळून चार तास चालला तर ३५० वॅट-अवर गेले, म्हणजे अर्धी बाईक. म्हणून रात्री थर्मोस्टॅट खाली आणि अंगावर गोधडी. आईने शिवलेल्या दोन गोधड्या आहेत, त्यातल्या एकीने निम्मी वीज वाचते म्हटलं तरी चालेल. पंखा नसलेला प्रोपेन हीटर लावणार असाल तर खिडकी थोडी उघडी ठेवा, तो लावून झोपू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दर महिन्याला बटण दाबून तपासा.

लिथियम बॅटरी, घरची काय आणि बाईकची काय, शून्य डिग्रीच्या खाली चार्ज केली तर कायमची खराब होते. म्हणून बाईकची बॅटरी संध्याकाळी काढून घरात आणायची आणि सकाळी ऊन वर आल्याशिवाय लावायची नाही.

काटे

आमच्याकडच्या माळावर जो सराटा असतो, अनवाणी पायात घुसला की जीव जातो, तोच सराटा, अगदी तीच वनस्पती, इथे आहे आणि लोक त्याला गोटहेड म्हणतात. मूळ आपल्याकडच्या आणि भूमध्य समुद्राच्या बाजूची, इथे बाहेरून आलेली. पहिल्या आठवड्यात माझ्या मागच्या टायरमधून नऊ काटे काढले. त्यात मेस्किट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची भावंडं, आणि पालो व्हर्डे, आयर्नवुड, सगळ्यांना काटे. साध्या ट्यूबवर इथे दोन दिवस निघणार नाहीत.

करायचं काय तर टायर आणि ट्यूबच्या मध्ये जाड लायनर घाला आणि ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, भरा, फॅट टायरला साध्या सायकलच्या दुप्पट-तिप्पट लागतं. इथली हवा कोरडी म्हणून सीलंट लवकर वाळतं, दोन महिन्यांनी परत घाला. काटा घुसलेला दिसला तर रस्त्यात काढू नका, तो बुचासारखा बसलेला असतो, घरी या, पंप हातात घ्या आणि मग काढा, चाक फिरवा, सीलंट आपलं काम करेल. तरी पण एक स्पेअर ट्यूब, टायर लिव्हर, पंप आणि मागच्या चाकाचा नट उघडणारा पाना कायम बरोबर, कारण हब मोटरचं, म्हणजे मोटर मध्यातच बसवलेलं, मागचं चाक नुसत्या हाताने निघत नाही. घरी एकदा चाक काढून घालून बघा, मोटरची वायर कुठे सुटते ते उजेडात शिकून ठेवा.

आणि एक फणी, साधी फणी, पॅनियरमध्ये, म्हणजे बाईकला लावलेल्या पिशवीत, ठेवा. चोया नावाचं निवडुंग आहे, त्याचे गोळे नुसते घासलं तरी अंगाला चिकटतात, हाताने काढायला गेलात तर हातात अडकतात. फणी खाली घालून झटक्यात उडवायचे.

वाळूत चालवणं

हवा कमी करा. डांबरी रस्त्यावर १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठीक, वाळूत ६ ते ८. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. परत डांबरीवर आलात की भरा, नाहीतर रिम मार खाते.

वाळूचा पट्टा पुढे दिसला की तो यायच्या आधीच हलका गिअर टाका, वजन मागे घ्या, हँडल सैल धरा आणि पेडल अजिबात थांबवू नका. पुढचं चाक इकडेतिकडे सरकतं, सरकू द्या, ते सरळ करायला गेलात की पडता. पुढचा ब्रेक वाळूत विसरून जा. फार खोल वाळू असेल तर निमूट उतरून ढकला, थ्रॉटल दाबून धरला तर हब मोटर तापते आणि बॅटरी डोळ्यांसमोर उतरते.

बॅटरीबद्दल आमचा नियम, ६० टक्के उरली की मागे वळायचं. निम्म्यावर वळू असं लोक म्हणतात, पण जाताना उतार आणि पाठीवर वारा असेल तर येताना चढ आणि तोंडावर वारा असणार. दुसऱ्या वर्षी जानेवारीत आम्ही एका वॉशमधून जात जात ११ मैल आत गेलो, रस्ता इतका सुरेख, ओकोटिओ या काटेरी झुडपाच्या काठ्या उन्हात चमकत होत्या, पुढच्या वळणापर्यंत, अजून एका वळणापर्यंत करत बॅटरी ४० वर आली तेव्हा वळलो. येताना वाळू चढाची, शेवटचे तीन मैल ७० पौंडांच्या बाईक ढकलत आणल्या, सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळला आणि अंधार पडताच अंगातलं स्वेटर पुरेना. पाणी होतं, दिवा होता, म्हणून काही झालं नाही. त्या दिवसापासून ६० म्हणजे ६०.

बरोबर काय न्यायचं तर माणशी किमान दोन लिटर पाणी, हेडलॅम्प, स्वेटर, शेंगदाण्याची चिक्की किंवा गूळ-पोळी, फोनवर आधी डाउनलोड केलेला नकाशा. कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजता परत येणार ते शेजाऱ्याला सांगून जा. बाईकला मागे उंच नारिंगी झेंडा लावा, कारण याच वाटांवर चारचाकी बग्ग्या धडधडत येतात आणि टेकाडाच्या पलीकडचं त्यांना दिसत नाही.

कुठे जायचं, कुठे नाही

पहिली राईड हाय जॉलीच्या समाधीपर्यंत करा, गावातच आहे. हाजी अली नावाचा हा माणूस १८५६ साली अमेरिकन लष्कराने आणलेल्या उंटांबरोबर अमेरिकेत आला, लोकांनी त्याच्या नावाचं हाय जॉली केलं, १९०२ मध्ये इथेच वारला. दगडी पिरॅमिड आहे आणि टोकावर उंट. परमुलखातून आलेला माणूस इथल्या मातीत असा मानाने पडलाय हे बघून मला दरवर्षी भरून येतं.

मग प्लोमोसा रोड, बाउसकडे जाणारा डांबरी रस्ता, त्याच्या बाजूला जमिनीवर कोरलेलं मूळ रहिवाशांचं जुनं मच्छीमाराचं चित्र आहे. लांब पडतं, बॅटरीचा हिशोब करून जा.

नियम असा की बीएलएमच्या जमिनीवर जिथे मोटार गाड्यांना परवानगी आहे त्या कच्च्या रस्त्यांवर ई-बाईक चालते, नुसत्या चालणाऱ्यांच्या पायवाटांवर वेगळी परवानगी असल्याशिवाय चालत नाही, आणि विल्डरनेस, म्हणजे राखीव रान, असा बोर्ड असेल तिथे साधी सायकलही नेता येत नाही. साधारण १८ मैल दक्षिणेला कोफा अभयारण्य आहे, पाम कॅनियनला जंगली ताडाची झाडं कड्याच्या फटीत उभी आहेत, तिथे बाईक खाली लावून पायी चढा. टाक्या रिकाम्या करायला मोटरहोम हलवावंच लागतं, त्याच दिवशी आम्ही कोफा जोडतो. त्याच बाजूला युमा प्रूव्हिंग ग्राउंड ही लष्कराची तोफांची चाचणीची जागा आहे. तिच्या बोर्डाच्या पलीकडे चाक घालू नका, न फुटलेले गोळे पडलेले असू शकतात. जुन्या खाणींच्या तोंडाशीही जाऊ नका, विहिरीसारखे सरळ खाली जाणारे खड्डे असतात.

आणि रस्ता सोडून खडीच्या सपाट जमिनीवर बाईक घालू नका. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते ४४ अमेरिकन जनरल पॅटनने सुरू केलेला रणगाड्यांचा सराव या भागात झाला, त्यांच्या पट्ट्यांचे माग अजून दिसतात. ८० वर्षं झाली! इथली जमीन विसरत नाही, तिला जपा.

राहिलेलं

पाणी आम्ही दोघांना ४० गॅलनची टाकी दहा दिवस पुरवतो. प्रेशर कुकरला पर्याय नाही, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं, वरण-भात-बटाटा एकाच शिटीत. ताटं आधी कागदाने पुसा मग धुवा, आणि भांड्यांचं पाणीसुद्धा जमिनीवर ओतू नका, बंदी आहे. पिण्याचं पाणी मध्ये संपलं तर बाईकच्या ट्रेलरवर ५ गॅलनचा कॅन आणतो, १९ किलो भरतो, सावकाश. फोडणी देताना छताचा पंखा आधी लावा, नाहीतर स्मोक अलार्म अख्ख्या मैदानाला ऐकू जातो. किराणा फिनिक्सहून, सव्वाशे मैल, येतानाच दोन महिन्यांचं पीठ, डाळी आणि तिळगुळाचे तीळ घेऊन येतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी ग्रीन कार्ड कायम अंगावर ठेवा, बाईकवरसुद्धा, युमाकडून येताना ९५ वर बॉर्डर पेट्रोलचं चेकपॉइंट लागतं. वारा सुटून धूळ उडत असेल त्या दिवशी बाईक काढू नका. या मातीत एक बुरशी आहे, धुळीतून छातीत जाते, त्याला व्हॅली फीव्हर म्हणतात. घरी गेल्यावर खोकला-ताप आठवड्यांवर रेंगाळला तर डॉक्टरला ॲरिझोनात होतो हे आवर्जून सांगा, बाहेरच्या राज्यातल्या डॉक्टरच्या ते पटकन लक्षात येत नाही.

निघायच्या आठवड्यात इंजिनचं बॉनेट उघडून आत टॉर्च मारा. पॅकरॅट नावाचे उंदीर आत काड्या-काटे भरून घरटं करतात आणि वायरी कुरतडतात, आम्ही तर मुक्कामभर रात्री बॉनेट उघडंच ठेवतो, त्यांना उघड्यावर राहायला आवडत नाही. आणि बाईक रॅकवर चढवायच्या आधी टायरमधले सराटे एकेक उपटून डबीत भरा आणि कचऱ्यात टाका, वाटेतल्या कुणाच्या अंगणात ते बी नको.